फितुराला संवाद नव्हता

सोमवार, ४ ऑगस्ट

हॉलमधला जुना पडदा आज शिपायाने उतरवला. धूळ आणि डांबरगोळ्यांचा वास असा अंगावर आला की क्षणभर मी गावच्या शाळेच्या पटांगणातच उभा होतो. चादरी जोडून केलेला पडदा, बाकं लावून केलेलं स्टेज, आणि कडेला पडद्याआड उकिडवा बसलेला मी, मांडीवर संवादांची वही. मी प्रॉम्प्टर होतो. उच्चार स्पष्ट आणि आवाज बारीक म्हणून गुरुजींनी मला नेमलं ते शाळा सुटेपर्यंत. प्रेक्षकांना दिसायचं नाही, ऐकू जायचं नाही, पण नटाला शब्द न् शब्द पोचवायचा. टाळी दुसऱ्याची, घाम आपला. तरी तेवढं सुख पुन्हा कशात मिळालं नाही.

पडदा उतरवण्याचं कारण मुख्याध्यापिका बाईंनी शिक्षकांना बसवून सांगितलं. मागच्या महिन्यात हॉलमध्ये मोठा सामना दाखवला, तेव्हापासून आठवीत काहीतरी शिजतंय. आपला संघ जिंकल्यावर काही मुलांनी एका मुलीला विचारलं, "तुमचे हरले, वाईट वाटलं का गं?" ती मुसलमान. तिने पहिल्यांदा हसून सोडून दिलं. पण मग ते रोजचंच झालं. दोन पालकांनी आपल्या मुलींचा बाक बदलून मागितला, कारण सांगितलं नाही. म्हणून बाई एका नाटकाच्या मंडळाला बोलावताहेत. नाटकातून मुलांच्या डोक्यातलं हे जळमट काढायचं म्हणे.

ती मुलगी म्हणजे आपल्या फितुऱ्याची, माझ्या बालमित्राची, धाकटी. मला बाईंचं जरा वाढवून सांगणं वाटलं. पोरं पोरंच असतात. आणि फितुऱ्याच्या लेकीला या शाळेत मी असताना कोण काय करणार?

बुधवार, ६ ऑगस्ट

आज आठवीवर भाषेचा तास होता. मनात आलं, नाटकवाले येतील तेव्हा येतील, आपणच मुलांना दाखवून द्यावं की माणसं कशी गुण्यागोविंदाने राहत होती. पुस्तक मिटलं, चष्मा कपाळावर चढवला आणि फितुऱ्याची गोष्ट सांगितली.

गावच्या शाळेत वर्षअखेरीला गुरुजींचं एकच नाटक व्हायचं. एक राजा, एक किल्ला, बाहेर शत्रूचा वेढा. किल्ला काही पडत नाही. मग आतलाच एक माणूस पहाटे छोटा दरवाजा उघडतो. तो फितूर. शेवटी पकडलेल्या फितुराला राजा विचारतो, "तुला काय कमी केलं होतं रे आम्ही?" त्यावर फितुराला संवाद नव्हता. नुसती मान खाली घालायची. दर वर्षी हे काम शिंप्याच्या मुलाकडे. तो माझा जिवलग, एका बाकावरचा. मान अशी काही खाली घालायचा की बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि पुरुष शिव्या द्यायचे. एका म्हाताऱ्याने तर त्याला चप्पल फेकून मारली होती! तेव्हापासून सगळा गाव त्याला फितूर म्हणायचा, आणि मी आजही फितुऱ्याच म्हणतो, तोही ओ देतो. अशी आमची मैत्री, असं मुलांना सांगितलं.

वर्ग पोट धरून हसला. चपलेला तर बाकं बडवली. आमचा नकलाकार पोपट लगेच मान खाली घालून दाखवू लागला. धाकटी पहिल्या बाकावर होती. वडिलांची गोष्ट म्हणून लाजली असावी, वर काही पाहिलं नाही.

कितीतरी दिवसांनी वर्ग असा रंगला.

रविवार, १० ऑगस्ट

सकाळची प्रार्थना आटोपून फितुऱ्याच्या दुकानात गेलो. रविवारी मी त्याच्याकडे जातोच. एक जण शिकून मास्तर झाला आणि दुसरा बापाचं मशीन घेऊन आला. दोघेही याच शहरात पोटाला लागलो हा देवाचाच डाव. दुकान लहान: मशीन, इस्त्रीचं टेबल, भिंतीला कापडाचे तुकडे, आणि माझ्यासाठी एक स्टूल. त्यावर दुसरा कुणी बसला तर तो उठवतो.

"काय रे फितुऱ्या!"

"या मास्तर. शर्टाचं बटण परत तुटलं वाटतं? पोटावरचंच बरं तुटतं दर खेपेला. बटणाचा दोष नाही हो त्यात."

बटण लावता लावता सहज बोलल्यासारखं म्हणाला, "सत्र संपलं की धाकटीचा दाखला काढतोय. पुलापलीकडच्या शाळेत घालीन म्हणतो."

मला खरंच वाटेना. ती शाळा लांब, बस बदलून जावं लागतं, भाषेचे शिक्षक तर विचारूच नका. म्हटलं, "का?"

"तिथं आमची पोरं पुष्कळ आहेत. तिला कुणी काही विचारत बसणार नाही."

"आमची, तुमची कधीपासून करायला लागलास तू?"

तो सुईत दोरा ओवू लागला. मी वातावरण हलकं करायला म्हणून गुरुजींच्या राजाच्या आवाजात म्हटलं, "तुला काय कमी केलं होतं रे आम्ही?"

त्याने अगदी तशीच मान खाली घातली. काय ते कसब, वय झालं तरी गेलं नाही! दोघेही हसलो. म्हणजे मी हसलो. त्याच्या तोंडात टाचण्या होत्या.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "अहो, निदान त्यांच्या लेकीसमोर तरी भाऊजींना तसं म्हणत जाऊ नका."

मैत्रीतलं बोलणं बायकांना समजत नाही. पण दाखल्याचं मनाला लागून राहिलंय. ती गेली तर मला त्या वर्गात उभं राहवणार नाही. काही झालं तरी तिला या शाळेतून जाऊ द्यायचं नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट

नाटकवाल्या बाई आल्या. तिशीच्या असतील. केस कापलेले, पाठीला पिशवी. हॉलमध्ये शिरताना चपला बाहेर काढल्या ते मला आवडलं. त्यांच्या नाटकाला लिहिलेली संहिताच नसते. मुलं आपापसात बोलून, आठवून एक प्रसंग उभा करतात. प्रसंग असा की त्यात कुणावर तरी अन्याय होतो आणि बाकीचे बघत राहतात. तो एकदा पूर्ण दाखवायचा. मग पुन्हा सुरू करायचा, आणि या वेळी प्रेक्षकांतल्या कुणालाही वाटलं की इथे हे अडवायला हवं, तर त्याने "थांबा!" म्हणून वर यायचं, एका पात्राच्या जागी उभं राहायचं आणि वेगळं वागून दाखवायचं.

"पण जिला त्रास होतोय तिच्या जागी जायचं नाही," बाई म्हणाल्या. "तिला शहाणपण शिकवायला आपण आलेलो नाही. बघणाऱ्यांच्या जागी जायचं."

मी पुढे होऊन म्हटलं, "बाई, मी प्रॉम्प्टिंग करेन. लहानपणापासूनची सवय आहे."

त्या गोड हसल्या. "सर, आमच्यात प्रॉम्प्टर नसतो. शब्द सापडला नाही तर गप्प राहायचं. ती शांतताही नाटकच आहे."

प्रॉम्प्टरशिवाय नाटक म्हणजे नावाड्याशिवाय नाव. पण पाहुण्या बाई, मी वाद घातला नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट

आज फजिती झाली. लिहायलाही हसू येतं.

सरावाचा छोटा प्रसंग होता. मैदानावर एका मुलाला खेळात घेत नाहीत. पोपट "थांबा" म्हणून वर गेला आणि अडकला. हात नुसते वर-खाली. मी कडेला उभा. चाळीस वर्षांपूर्वीची सवय, ओठ आपोआप हलले आणि मी खांबाआडून पुटपुटलो, "आपण सारी एकाच देवाची लेकरं."

पोपट खणखणीत म्हणाला, "आपण सारी एकाच देवाची लेकरं!"

"कोण बोललं ते?" नाटकवाल्या बाईंनी विचारलं.

"मीच की," पोपट म्हणाला.

"तू नाही. तुझ्या तोंडून कोण बोललं?"

सगळ्या हॉलने खांबाकडे बोट दाखवलं. मी बाहेर आलो. पोरं लोळण घेत हसली. बाईही हसल्या, पण मग माझ्याजवळ येऊन हळू म्हणाल्या, "सर, वाक्य छान होतं. पण ते म्हटल्यावर पुढे कुणाला काही करावंच लागत नाही."

मला काही ते पटलं नाही. चांगलं वाक्य ते चांगलंच. आजपासून मला तालमीला बसायची बंदी आहे आणि खुर्च्या मांडायच्या कामाला लावलंय. मुलंही म्हणे सरांसमोर मोकळी होत नाहीत.

शनिवार, २३ ऑगस्ट

जिन्यात सातवी-आठवीची दोन पोरं ओरडत होती, "फितूर आली, फितूर आली, दरवाजे लावा!" मला आधी वाटलं तालीम चाललीय. वर पाहिलं तर धाकटी उतरत होती. दप्तर छातीशी धरून, भिंतीच्या कडेने. ती माझ्याजवळून गेली, "काका" म्हणाली नाही. शाळेत ती "सर" म्हणते, पण एकटा दिसलो की "काका" म्हणायची.

दोघांना धरून दरडावलं. हा शब्द कुठे शिकलात, असं विचारलं तर दोघांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे, आणि हसू दाबलं. हल्ली मोबाइलवर पोरं काय काय ऐकतात, देव जाणे. आमच्या वेळी या शब्दात केवढी माया होती.

रविवार, ३१ ऑगस्ट

दुकानात फितुऱ्या नव्या पडद्याचं कापड बेतत होता. शाळेचं काम मीच त्याला मिळवून दिलं. जमिनीवर गडद निळं कापड पसरलेलं आणि हा गुडघ्यांवर. बघता बघता त्याचे वडील आठवले. गावच्या नाटकाचा पडदा आणि राजाचा डगला तेच शिवायचे. आठवणीने मन कसं भरून आलं.

"आठवतं, राजाचा डगला?" मी म्हटलं. "लाल, सोनेरी काठाचा."

"न आठवायला काय झालं. माझ्या अंगावरच बेतायचे अब्बा. घरात माप द्यायला दुसरं होतं कोण? चार-चार दिवस मी तो घालून उभा असायचो. मग गिरणीवाल्याच्या पोरासाठी खांदे आत घ्यायचे."

"भाग्यवान! राजाच्या आधी तू डगला घालायचास."

"हो ना."

"आणि तुला राजाचं सगळं काम पाठ. गिरणीवाल्याचं पोर अडखळलं की माझ्या आधी तू पुटपुटायचास. मी म्हणायचो, काय याची स्मरणशक्ती!"

कात्री चालवत तो म्हणाला, "सहावीत गुरुजींना विचारलं होतं मी. राजा नको म्हटलं, दारावरचा शिपाई द्या. एकच वाक्य होतं त्याला. 'महाराज, दरवाजा बंद आहे.'"

"मग?"

"म्हणाले, शिपाई कुणीही करेल, फितूर तुझ्याशिवाय कोण करणार?"

"खरंच होतं ते! तुझ्यासारखं जमलंच नसतं कुणाला."

त्याने कात्री खाली ठेवली. मग विचारलं, "आठवीच्या वर्गात काय सांगितलंस मास्तर?"

"आपलीच गोष्ट. पोरं काय हसली म्हणून सांगू! चपलेचं तर त्यांना फारच आवडलं."

"हं," तो म्हणाला आणि दाताने दोरा तोडला.

आतल्या दारात धाकटी अभ्यासाला बसली होती. मी हाक मारली, "काय गं, परदेशी झालीस की काय? काकाशी बोलत नाहीस." तिने "नमस्कार सर" म्हटलं. घरातसुद्धा सर!

निघताना फितुऱ्याला पुन्हा गळ घातली, दाखल्याची घाई करू नकोस म्हणून. म्हणाला, "नाटक होऊ दे. ती बघायचं म्हणतेय. मग ठरवतो."

म्हणजे अजून दार उघडं आहे. रात्रीच्या प्रार्थनेत तेवढंच मागितलं.

मंगळवार, ९ सप्टेंबर

नवा पडदा चढला. निळा रंग हॉलला शोभतो. फितुऱ्याच्या हाताला तोड नाही, शिवण शोधून सापडत नाही. नाटकवाल्या बाईंनी धाकटीला विचारलं, नाटकात यायचं का. ती नको म्हणाली. मग काय करशील? म्हणाली, "पडदा ओढेन." तर ती आता दोरीपाशी असते. तिची निवड मला समजली. मीही असाच आडोशाला बसणारा होतो. माझं आडोशाला बसणं आणि तिचं, यात काही फरक असेल असं नाटकवाल्या बाई म्हणाल्या, पण तेव्हा घंटा झाली आणि आमचं बोलणं राहिलं.

एक पालक मुख्याध्यापिका बाईंकडे येऊन गेले. "नसती भुतं कशाला उकरून काढता? आमची मुलं कुणाला काही म्हणत नाहीत." बाईंनी त्यांना पहिल्या रांगेतली खुर्ची देऊ केली. बाई कधी कधी माझ्यापेक्षा बऱ्या नट आहेत.

शनिवार, १३ सप्टेंबर

जसं झालं तसं लिहायचा प्रयत्न करतो.

सकाळचा प्रयोग. हॉल भरलेला. मी मागच्या खुर्च्या सरळ करून कडेच्या भिंतीशी उभा राहिलो. फितुऱ्या दुसऱ्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर टोपी. ही त्याच्या बायकोजवळ बसली होती. धाकटीने पडदा ओढला, तो न अडकता सर्रकन गेला.

प्रसंग वर्गातला. बाकं, फळा. पोपट शिक्षक होऊन आला. पुस्तक मिटलं, चष्मा कपाळावर चढवला. लोक लगेच हसले. मलाही हसू आलं, म्हटलं कोणाची नक्कल करतोय हा? मग तो म्हणाला, "मुलांनो, आता तुम्हाला माझ्या जिवलग दोस्ताची गोष्ट सांगतो." हुबेहूब माझा आवाज. शेवटचं अक्षर लांबवतो तेसुद्धा. माझं हसू तोंडावर होतं तिथेच राहिलं.

त्याने दरवाजा सांगितला, चप्पल सांगितली. स्टेजवरचा वर्ग हसला, हॉलमधलेही हसले. "अशी आमची मैत्री!" म्हणून शिक्षक समाधानाने निघून गेले. ते गेल्याबरोबर वर्ग वळला. सगळ्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीकडे पाहिलं. या मुलीला नाटकात नाव नव्हतं, सगळे तिला "ए" म्हणत होते. "ए, तुमचे हरले ना?" "ए, आज कुठला दरवाजा उघडणार?" "फितुराची फितूर!" एकीने दप्तर उचलून बाक बदलला. आणि सगळ्यांनी एकसुरात राजाच्या आवाजात विचारलं, "तुला काय कमी केलं गं आम्ही?"

त्या मुलीने मान खाली घातली.

ती मान मी ओळखली. शाळेची सगळी वर्षं मी ती बाजूने पाहिली होती, पडद्याआडून, जिथून बाकी कुणाला दिसत नव्हती. प्रेक्षकांना फितुराचे केस दिसायचे. मला त्याचा चेहरा दिसायचा. मी तो पाहत असे आणि वहीत पुढच्या संवादावर बोट ठेवत असे.

प्रसंग संपला. नाटकवाल्या बाईंनी नियम सांगितला आणि तो पुन्हा सुरू झाला. पोपट पुन्हा आला, पुस्तक मिटलं, चष्मा वर. "मुलांनो, आता तुम्हाला माझ्या जिवलग..."

"थांबा," कुणीतरी म्हणालं. माझाच आवाज होता.

पायऱ्या चढून वर गेलो. पोपट बिचारा घाबरला. चष्मा काढून माझ्या हातात द्यायला लागला, माझा चष्मा माझ्याच कपाळावर असताना. लोक हसले. तो बाजूला झाला आणि मी शिक्षकाच्या जागी उभा राहिलो.

आणि शब्द नव्हता. समोर बाकांवर मुलं, पलीकडे पूर्ण हॉल. एकाच देवाची लेकरं हे वाक्य जिभेवर आलं, गिळलं. आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द पुरवले आणि आपल्या पाळीला जीभ टाळ्याला चिकटली. बाई मदतीला येईनात. ती शांतता किती लांबली कोण जाणे.

तेवढ्यात खालून आवाज आला. बारीक, नेमका, फक्त माझ्यापुरता. प्रॉम्प्टरचा आवाज कसा असतो हे मला कुणी सांगायला नको. दुसऱ्या रांगेत तोंडाला टोपी आडवी धरून तो पुटपुटत होता:

"नाव विचार."

मी पहिल्या बाकापाशी गेलो. "बाळ, तुझं नाव काय?"

ती मुलगी गोंधळली. तिला नाव ठरवून दिलंच नव्हतं. तिने बाईंकडे पाहिलं. तिने मैत्रिणींकडे पाहिलं. सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. इतके दिवस तालीम केली आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग पडद्याच्या दोरीपाशी हालचाल झाली. धाकटी दोरी सोडून चार पावलं उजेडात आली आणि तिने नाव सांगितलं. स्वतःचं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, हजेरीच्या वेळी सांगतात तसं खणखणीत.

वडिलांचं नाव हॉलभर वाजलं तेव्हा मला दचकल्यासारखं झालं. अरे, हे तर त्याचं नाव. किती गोड नाव आहे. माझ्या कानांनी ते शेवटचं कधी ऐकलं होतं? गुरुजी हजेरी घ्यायचे तेव्हा?

मी तिला म्हटलं, "बस. आज गोष्ट तू सांग, मी ऐकतो." आणि बाकावर तिच्या जागी न बसता शेवटच्या बाकावर जाऊन बसलो, गुडघे मावत नव्हते तरी. ती उभीच राहिली. गोष्ट काही सांगितली नाही. म्हणाली, "मला आज नाही सांगायची." बाई म्हणाल्या, "चालेल." आणि नाटक पुढे गेलं. दप्तर उचलणाऱ्या मुलीच्या जागी एक आई वर आली, ती मात्र काही न बोलता परत त्याच बाकावर येऊन बसली, धपकन. टाळ्या तिला मिळाल्या.

सगळं आटोपल्यावर मी त्याला शोधलं. तो निघून गेला होता. जेवताना हिने ताटात जरा जास्तीचं वाढलं.

रविवार, १४ सप्टेंबर

प्रार्थनेला बसलो, मन लागलं नाही. शब्द पाठ असले की ओठ आपले चालत राहतात. मध्येच थांबलो आणि ते नाव दोन-तीनदा म्हणून पाहिलं. तोंडाला सवय नाही, पहिल्या अक्षरालाच अडखळतो. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, "कुणाशी बोलताय?"

इथे वहीत ते लिहीत नाही. लिहिण्याची वेळ गेली; आता म्हणायचं आहे.

दुकानापर्यंत गेलो आणि पायरीवर थांबलो. आत मशीन चालू होतं. धाकटी टेबलापाशी वहीत काही लिहीत होती. त्याच्या हाताखाली निळा-पांढरा गणवेश होता, आमच्या शाळेचा. खालची दुमड उसवून लांबी सोडत होता, पोर वाढीला लागली की पुढच्या वर्षासाठी सोडतात तशी. मी दाखल्याचं विचारायचं ठरवून गेलो होतो. विचारलं नाही.

स्टूल होतं तिथेच होतं. त्यावर कुणी बसलेलं नव्हतं.

मी त्याला नावाने हाक मारली.

मशीन चालूच राहिलं. मला वाटलं आवाज बारीक पडला, सवयच तशी. म्हणून पुन्हा मारली, साऱ्या हॉलला जाईल अशी.

धाकटीने मान वर केली. त्याने चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं, आणि माझ्याकडे न बघता वळून मागे पाहिलं, दुकानात त्या नावाचं आणखी कोण आलंय म्हणून.